भैय्यासाहेबांनी घेतलेली उचल

२० मे २०२०, बुधवार

गटाच्या वहीत शिव्या लिहिता येत न्हाईत. तिथं "सर्वानुमते ठरले" असंच लिहावं लागतं, बँकेचा साहेब बघतो. म्हणून ही वेगळी वही. माझ्या पोरीची, वैष्णवीची, गेल्या सालची हाय. मागची पानं कोरी सापडली.

आज शाळेतून सुटलो. ऊसतोडीवरून आलो तसं कोरोनापायी सगळ्यांना शाळेत कोंडलं होतं, अठ्ठावीस दिवस. ज्यांच्या लग्नात मी पोळ्या लाटल्या ती माणसं लांबून डबा ठेवून पळत होती, जसं काय आमी वाघ हाव. असो. मला राग त्याचा न्हाई. माझा राग ४ तारखेचा हाय.

४ मेला आमची बस निघणार होती. आमच्या बचत गटातल्या आमी अकरा बाया, रामेश्वर-कन्याकुमारी, आठ दिवस. बसबरोबर आचारी. सकाळी चहा हातात, दुपारी ताट पुढ्यात. देव तर हायच, पण खरं सांगते, आमच्या अर्ध्या जणी त्या ताटासाठी निघाल्या होत्या. लग्न झाल्यापासून मी आठ दिवस काय, आठ घास दुसऱ्याच्या हातचे सुखानं खाल्ले न्हाईत. दोन वर्षं गटात पैसे साठवले, जणीमागं साडेनऊ हजार, आन केजच्या भैय्यासाहेबाच्या यात्रा कंपनीत भरले. त्याला गाठणारी मी, बायांना भरीला घालणारी मी, गटाची सचिव मी. आन त्याचा फोन दोन महिने बंद हाय.

२ जून

लागला फोन! भैय्यासाहेब म्हंजी विजयसिंह. त्याचा बाप पुढारी, घरची शंभर एकर, म्हणून तिशीतला असून सगळे "साहेब" म्हणत्यात. बोलला गोड. "ताई, सरकारनंच सगळं बंद केलं, त्याला मी काय करू? पैसे काय पळून चाललेत का? पुढच्या वर्षी त्याच पैशात नेतो."

मी म्हणलं, "पुढच्या वर्षीचं कुणी बघितलंय? आमाला पैसे परत पायजेत."

तर म्हणला, "आवाज तुटायलाय ताई." माझ्या मोबाईलवर तर रेंजच्या चांगल्या चार काड्या दिसत होत्या.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आज छबुमावशीला घेऊन केजला गेलते. छबुमावशी म्हंजी आमच्या गटाच्या अध्यक्ष, पासष्टीच्या हायत, मालक जाऊन दहा वर्षं झाली, पोरगा पंडित आईलाच जोडीला घेऊन आमच्या टोळीत ऊस तोडतो. जीपवाल्यानं दुप्पट भाडं घेतलं, वर म्हणला मास्क नीट लावा. मावशीनं त्याला मास्कातूनच असं काही सुनावलं की पुढं केजपस्तोर तो बोलला न्हाई.

दुकानात प्रियदर्शनी नावाची पोरगी बसती, हिशेब-पावत्या तीच करती. तिनं पाणी दिलं. मग भैय्यासाहेब आला, पावत्या हातात घेतल्या आन हसला.

"ह्यात तुमचं नाव कुठंय? पंडित, राधाकिशन, अंगद, प्रविण… सगळी गड्यांची नावं. ज्याच्या नावची पावती त्याला आमी पैसे देणार. घरी विचारलं का तुमी?"

खरंच होतं ते. माझ्याच हातानं मी ती यादी लिहून दिलेली.

कशी लिहिली ते लिहून ठेवते, म्हंजी पुन्हा अशी चूक करायची न्हाई. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आप्पाराव उन्हाळ्यात आगाऊ पैसे देतो, ती उचल. उचल कोयत्याला मिळती, एकट्या माणसाला न्हाई. त्याची यादी पंधरा वर्षं मीच लिहिते, कारण टोळीत नववी शिकलेली मी एकटी. यादीत नाव गड्याचंच असतंय, बाई कोयत्यातच धरलेली. यात्रेची यादी लिहायला बसले आन हात सवयीनं तसाच चालला. पंडित, एक. राधाकिशन, एक. प्रविण, एक. त्या घरातली एक बाई, असं माझ्या डोक्यात. कागदावर मात्र बाईच न्हाई. एवढी शहाणी मी, आन स्वतःचं नाव लिहायला विसरले!

मावशी म्हणली, "जाऊ दे गं. गड्यांना घेऊन येऊ. ते काय परके हायत?"

२९ ऑगस्ट

प्रविणला म्हणलं चला माझ्यासंगं केजला, नाव तुमचं हाय. प्रविण माझा नवरा. म्हणला, "तू कशापायी येतीस, दोघांचं भाडं कशाला? मीच भेटून येतो." राधाकिशनला आन अजून दोघांना बरोबर घेऊन गेला.

दिवस मावळताना आले. म्हणला, "भैय्यासाहेब म्हणले, दम धरा, सगळ्यांचंच अडकलंय." जेवला न्हाई. म्हणला मांजरसुंब्याला ढाब्यावर खाल्लं. केजहून मांजरसुंबा कुठल्या कुठं! बिचारा त्या साहेबाला शोधत पार तिथवर गेला असंल. मला एक साडीबी आणली, मोरपंखी. सेल लागलाय म्हणला. सतरा वर्षांत हा माणूस बिगर सणाचा साडी घेऊन आलेला मला आठवत न्हाई. ह्या साथीमुळं माणसाला बायकोची किंमत कळती म्हणायची.

१४ सप्टेंबर

गावातली गडीमाणसं सुधरलीत का काय! राधाकिशननं, म्हंजी गटातल्या आमच्या सुरेखाच्या मालकानं, मला "वैनी, दळण मी आणून देऊ का?" असं विचारलं. ह्या माणसानं स्वतःच्या घरचं दळण कधी आणलं न्हाई. मारुतीच्या पारावर सगळे बसलेले असत्यात, मी गेले की बोलणं बंद. उचलीचं काहीतरी घाटत असणार.

राधाकिशनच्या फटफटीला नवे टायर आले. प्रविणकडं नवा मोबाईल. म्हणला, मुकादमानं कामासाठी दिला. मुकादम आन मोबाईल देतो! तो चहाची उधारी ठेवतो. पण असंल बाबा, कारखान्यानं सांगितलं असंल.

मी पुन्हा केजला जाते म्हणलं तर प्रविण अंगावर आला. "सारखं केज केज! रोग घेऊन येशील घरात." काळजीनंच बोलला, पण लई मोठ्यानं बोलला.

११ फेब्रुवारी २०२१, फडावर

पाच महिने वही प्लास्टिकात गुंडाळलेली, हितं कोपीत, म्हंजी आमच्या पाचटाच्या झोपडीत, पडून होती. आज काढली, कारण आज कुणाजवळ बोलायला न्हाई.

दुपारी मोळ्या बांधताना सुरेखानं विषय काढला. सगळ्यांपुढं म्हणली, "पैसे भैय्यासाहेबाकडं हायत का तुझ्याकडं, ते तरी सांग. दर खेपेला तूच जाती, तूच येती, तूच सांगती."

मी म्हणलं, "सुरेखा, जिभेला हाड हाय का?"

"नवी साडी कुठून आली मग?"

माझ्या हातात कोयता होता. देवानंच तो खाली टाकायची बुद्धी दिली. दोघीतिघी मधी पडल्या, पण "सुनिता असं करणार न्हाई" असं एकीच्याबी तोंडातून निघालं न्हाई. छबुमावशी तेवढी म्हणली. पण मावशी माझ्या आईसारखी, तिचं कोण धरतंय.

ह्या बायांनी माझ्या शब्दावर पैसे दिले. कागद कुणी वाचला न्हाई, माझं तोंड बघितलं. ते तोंड आता चोराचं झालं. साडेनऊ हजार गेले तर मी एका सालात कमवीन. हे कसं कमवायचं?

प्रविण तिथंच मोळ्या वाहत होता. सगळं ऐकलं, मान खाली घालून मोळी डोक्यावर घेतली आन ट्रककडं गेला. एक शब्द बोलला न्हाई. बोलला असता तर भांडण वाढलं असतं, म्हणून गप बसला असंल.

९ मे

छबुमावशीला लागण झाली. केजला नेलंय. आज फोनवर म्हणली, "हितला चहा म्हंजी नुस्तं गढूळ पाणी, मी त्या पोराला सांगितलं, उकळत जा." म्हंजी बरी हाय. मग म्हणली, "सुनिता, मी मेले तर माझे पैसे आणून तेराव्याला घाल. पण केजच्या त्या गुलामाकडं ठेवू नको."

मी म्हणलं, मरायचं न्हाई, पैसे आणायला तुमीच येणार हाव.

२० सप्टेंबर, सोमवार

मावशी बरी झाली, फक्त दम लागतो. आज दोघी पुन्हा केजला गेलो. आता तर सगळं उघडलंय. भैय्यासाहेबाच्या दुकानापुढं नवीन बस उभी, तिला हार घातलेला.

प्रियदर्शनी एकटी होती. म्हणली, "ताई, तुम्ही एकदा घरी नीट विचारा ना." जो तो हेच! मी तापले. "तुमी पण बाईच ना? बाईला काय घरी विचारल्याशिवाय तोंड उघडायची चोरी हाय का?" बिचारीचं तोंड एवढंसं झालं. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात साहेब आला.

ह्या वेळी गोड न्हाई बोलला. म्हणला, "तक्रार करायची तर करा. तारखा पडत राहतील. दसरा झाला की तुम्ही जाणार ऊस तोडायला. तारखेला कोण येणार, ऊस?" आन हसला. त्याचा ड्रायव्हरबी हसला.

परत येताना जीपमधी माझ्या डोक्यात घण पडायला लागले. आमी उचल घेतो. घेऊन घरी बसलो तर मुकादम काय करतो? दारात येऊन बसतो. चटई टाकतो, तिथंच जेवतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की ह्यानं माझी उचल बुडवली. माणूस लाजंनं मरतो. एक तर कामावर येतो, न्हाई तर पैसे टाकतो. कोर्ट न्हाई, तारीख न्हाई.

मग भैय्यासाहेबानं काय घेतलं आमच्याकडून? काम करायच्या आधी पैसे घेतले. उचलच ती! बस नेली न्हाई, पैसे दिले न्हाईत. आन आमी त्याच्या दुकानात जाऊन पाणी पिऊन येतो!

मावशीला सांगितलं. ती एवढी हसली की खोकल्याची उबळ आली. मग म्हणली, "चटई माझ्याकडं हाय."

२८ सप्टेंबर

गटाची बैठक घेतली. सुरेखा भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी सरळ म्हणलं, "मी पैसे खाल्ले असं वाटतंय ना? मग चला माझ्यासंगं. त्याच्या दारात चूल मांडू. पैसे माझ्याकडं असले तर तो सगळ्यांपुढं सांगेलच की."

सुरेखानंच तोंड वळवलं आन म्हणली, "तवा कुणाचा न्यायचा?"

प्रविणला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. "बाईमाणसं दुसऱ्याच्या दारात बसत्यात का? मोठी माणसं हायत ती. टोळीला काम मिळायचं न्हाई." मी म्हणलं, मग बसू घरी, तुमी घाला आठ दिवस जेवायला. रात्रभर कूस बदलत होता. माझीच काळजी करतोय.

४ ऑक्टोबर, केज

लिहिते हाय ती दुकानाच्या पायरीवर बसून. तीन दगडांची चूल, हितं उसाचं पाचट न्हाई म्हणून खोकी जाळली, पण भाकरी टम्म फुगली. अकराच्या अकरा जणी हाव. येणारे-जाणारे थांबत्यात, "काय झालं मावशी?" छबुमावशी प्रत्येकाला नव्यानं सांगती, "ह्या सायबानं आमची उचल घेतली आन कामावर आला न्हाई." आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत न्हाई. लोक दुकानाकडं बघत्यात, मान हलवत्यात.

दोन गिऱ्हाइकं पायरीवरून परत गेली. एक पोलीस आला. चूल विझवा म्हणला. मावशीनं विचारलं, "जेवलास का रे?" त्याची आई कोयत्यालाच जायची म्हणं. "रस्त्यावर येऊ नका," एवढं बोलून गेला, संगं ठेचा-भाकरी घेऊन.

साहेब दोनदा काचेतून डोकावला. बाहेर आला न्हाई. आता कसं वाटतंय, भैय्यासाहेब?

५ ऑक्टोबर

हे लिहावंसं वाटत न्हाई. तरी लिहिते, न्हाई तर मी हे खोटं होतं असं स्वतःला सांगत बसेन.

अकराच्या सुमाराला साहेब बाहेर आला. हातात रजिस्टर. मोठ्यानं म्हणला, म्हंजी सगळ्या रस्त्याला ऐकू जावं असं, "लई बदनामी केली. आता ऐका. प्रियदर्शनी, वाच."

ती वाचंना. तो ओरडला. मग तिनं खाली बघत वाचलं. "दिनांक एकोणतीस ऑगस्ट दोन हजार वीस. प्रविण. पूर्ण रक्कम मिळाली, सही. राधाकिशन. पूर्ण रक्कम मिळाली, सही." पुढं दोन दिवसांत पंडित, अंगद, सगळे. अकरा.

चुलीवर भाकरी होती, ती करपली तरी कुणी उलटली न्हाई.

एकोणतीस ऑगस्ट. ढाबा. साडी. टायर. मोबाईल. फडावर मान खाली घालून मोळी उचलली ते. सगळं एकदम समोर उभं राहिलं आन मला वाटलं आत्ता जमीन फाटावी. बाकीच्या दहा जणींच्या नवऱ्यांना, पोरांनाबी माझ्याच नवऱ्यानं वाट दाखवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात ते हेच. आन एका वर्षात मला कळलं न्हाई! यादी मी लिहायची, हिशेब मी करायचा, सगळ्या टोळीत हुशार मीच!

साहेब म्हणला, "झालं समाधान? आता घरी जाऊन भांडा. उचला हे."

सुरेखाकडं बघायची माझी हिंमत न्हाई झाली.

तेवढ्यात छबुमावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. म्हणली, "सायेब, तुमाला पैसे दिले कुणी? प्रविणनं दिलते का? पंडितनं?"

"पावती त्यांच्या नावाची हाय."

"पावती तुमी फाडली. पैसे गटाच्या चेकनं आले. त्यावर सही माझी हाय. आयुष्यातली पहिली सही हाय ती, मी विसरंन व्हय? महिनाभर गिरवत होते. तुमी आमची उचल घेऊन भलत्यालाच फेडली. मुकादमाची उचल मी ह्या पोलिसाला नेऊन दिली तर मुकादम मला सोडंल का?"

कालचा पोलीस तिथंच उभा होता. हसायला लागला. सगळा रस्ता हसला. साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं, पण मला हसू आलं न्हाई.

मी रजिस्टरचा मोबाईलवर फोटो काढून द्या म्हणलं. साहेब न्हाई म्हणून आत गेला. प्रियदर्शनीनं काढून दिला. तिची नोकरी राहती का न्हाई, देव जाणे. मी तिला म्हणलं, "मागल्या खेपेला मी तुला बोलले, चुकले." ती म्हणली, "मीच आधी सांगायला पाहिजे होतं, ताई."

६ ऑक्टोबर, घरी

रात्री काही बोलले न्हाई. सकाळी चहा न करता प्रविणपुढं फोटो धरला.

त्यानं बोटानं फोटो मोठा करून आपली सही बघितली. मग म्हणला, "पूर्ण न्हाई दिले. साडेचार हजारच दिले. सही पूर्णची घेतली. म्हणला, हे घ्या न्हाई तर तेबी बुडतील."

"आन तुमी घेतले."

"सगळ्यांनी घेतले."

"सगळ्यांना कुणी नेलं?"

तो उठून चपला शोधायला लागला.

"फडावर सुरेखा मला चोर म्हणत होती तवा तुमी दहा हातांवर होता."

"सांगणार होतो. तू लई तोंडाची. धाडस झालं न्हाई." आन रडायला लागला. मला वाटलं होतं, हा रडला तर मी विरघळंन. न्हाई विरघळले. उलट जास्ती राग आला. माझ्या तोंडाची भीती होती म्हणून माझं तोंड काळं होऊ दिलं! असल्या माणसासंग सतरा वर्षं एका कोयत्यात वाकले मी.

आपलेच दात, आपलेच ओठ. पण दातांना तरी कळाया पायजे ना कुणाला चावतोय ते.

९ ऑक्टोबर

मीच बैठक बोलवली. वही, पासबुक, शिक्का पुढं ठेवला. म्हणलं, माझ्या घरातून हे झालं, मी सचिव राहत न्हाई.

सुरेखानं शिक्का उचलला आन माझ्या मांडीवर टाकला. "नाटकं करू नको. माझ्या घरातूनबी झालंच की. मी टायरावर बसून बाजाराला जात होते, शेण खाल्ल्यासारखं वाटायलंय." मग म्हणली, "फडावरचं धरू नको मनात." मी म्हणलं, धरलंय, पण सोडंन हळूहळू.

मग खरा विचार झाला. एकजण म्हणली, गड्यांकडून उचलीतून कापून घेऊ. मी म्हणलं, अगं, ती उचल फेडायला वाकणार कोण? आपणच. आपल्याच घामाचे पैसे आपल्याला देऊन ते मोकळे. ते चालायचं न्हाई. पैसे भैय्यासाहेबानं द्यायचे, गटाला, पूर्ण. त्यानं गड्यांकडून कसे वसूल करायचे ते त्याचं तो बघंल.

"आन देत न्हाई म्हणला तर?"

छबुमावशी म्हणली, "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत न्हाई. नाक कुठंय ते बघा." तिला आधीच दिसलं होतं. आमाला समजायला अर्धा तास लागला.

अंबाजोगाईची एक यात्रेची बस २१ तारखेला रामेश्वरला निघतीय. अकरा जागा फोनवर सांगून ठेवल्या. नावं विचारली तर प्रत्येकीनं आपापलं सांगितलं. आमच्यातली भिवराबाई तर आपलं नाव दोनदा म्हणली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सातला ट्रक आला. टोळीतले बाकीचे कोयते आधीच चढले. आमचे अकरा गडी वळकट्या, भांडी, कोयते घेऊन खाली उभे. आमी अकरा जणी शाळेच्या पायरीवर बसलो, हात मांडीवर.

मुकादम आप्पाराव म्हणला, "चला, बसा."

मी म्हणलं, "आप्पा, गडी घेऊन जावा. उचल त्यांनी घेतली, अंगठा त्यांचा हाय. आमचं कुठं नाव हाय?"

"येडी झाली का तू? बाई न्हाई तर कोयता न्हाई. नुसता गडी घेऊन मी काय करू? तोडणार कोण आन बांधणार कोण?"

"ते तुमी आन ते बघा."

आधी शिव्या झाल्या. मग विनवण्या. मग पंडितनं आईचे पाय धरले, मावशी म्हणली, "पायाला गुदगुल्या व्हत्यात, सोड." प्रविण माझ्यापुढं आला. "माझ्या वाटणीतून देतो. बस ट्रकात. गाव बघायलंय."

"बघू द्या. दीड वर्ष मला बघत होतं."

खरं लिहिते, आतून मी भेले होते. मुकादमानं उद्या अकरा कोयते टोळीतून काढले तर वर्षभर खायचं काय? सुरेखानं माझा हात दाबला. पण तोंडावर काही दिसू दिलं न्हाई. लई तोंडाची ना मी.

अकराच्या सुमाराला आप्पानं फोन लावला. त्याला कारखान्याला कोयते मोजून द्यायचे हायत, अकरा कमी पडले तर त्याचीच मान अडकती. आन अशा मुकादमांच्या टोळ्यांचीच मतं निवडणुकीला भैय्यासाहेबाच्या बापाला लागत्यात, म्हणून आप्पाला दुखवणं साहेबाला परवडत न्हाई. फोनवर आप्पा काय बोलला ते ऐकू आलं न्हाई, पण शेवटचं आलं. "साहेब, तुमच्या अर्ध्या तिकिटापायी माझा सीझन बसवता का?"

एकच्या सुमाराला जीप आली. भैय्यासाहेब उतरला. गॉगल काढला न्हाई. खिशातून नोटांचं पुडकं काढलं, चार पावलं आला आन सवयीनं प्रविणपुढं धरलं.

सगळे बघायला लागले. प्रविणचा हात जरासा उचलला गेला, मी बघितला. मग त्यानं दोन्ही हात मागं घेतले. "माझ्याकडं न्हाई," म्हणला. "त्यांचे हायत."

साहेब माझ्याकडं वळला. मी बसूनच होते. बसूनच घेतले. मोठ्यानं मोजले, एकेक नोट, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे. पूर्ण होते. मी वहीत लिहून त्याची सही घेतली, खाली छबुमावशीनं सही केली, तिला वेळ लागतो, तोवर साहेब उन्हात उभा राहिला.

आप्पानं हात जोडले. "झालं ना मनासारखं? आता बसा माझ्या आयांनो."

मावशी म्हणली, "परवा रामेश्वरला निघालोत. आठ दिवसांनी ट्रक आणा."

"कारखाना थांबत न्हाई, मावशी!"

"मग त्याला जाऊ द्या पुढं. आमी येतो मागून."

आप्पानं डोक्याला हात लावला. मोबाईल काढला, कुणाला तरी आठ दिवस उशीर सांगितला. न सांगून काय करतो? ट्रक बाकीचे कोयते घेऊन गेला. अकरा गडी वळकट्यांसगट रस्त्यावर उभे राहिले, कुणी कुणाकडं बघंना. आमी उठलो, पदर झटकले. लशीचे कागद, साडी, तेल, काय काय न्यायचं ह्यावर बोलत घराकडं निघालो, तर प्रविण मागून येऊन हळूच म्हणला, "आन आमी काय करायचं आठ दिवस?"

"पीठ डब्यात हाय," मी म्हणलं.